अंगावर काढणे : मराठी तुरुंगकथनांतील आजारी पुरुष

‘दुखणे अंगावर काढणे’ हा आपल्या भाषेतला रोजच्या वापरातला प्रयोग आहे. औषध न घेता, कुणाला न सांगता, हातातले काम न थांबवता आजार सरेपर्यंत सोसत राहणे, एवढे सगळे त्यात येते. घरातली बाई तो तक्रारीच्या सुरात वापरते, पण त्या तक्रारीत थोडे कौतुकही मिसळलेले असते. अंगावर काढणारा माणूस खंबीर आणि दवाखान्याची वाट धरणारा जरा नाजूक, हा हिशेब आपण न बोलता मान्य केलेला आहे. मराठीतील तुरुंगकथने या एका प्रयोगाच्या अंगाने वाचून पाहावीत, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आगरकरांच्या डोंगरीच्या आठवणी १८८२ सालच्या. तेव्हापासून मराठीत तुरुंगावर सातत्याने लिहिले गेले. हे लेखन वाचताना आपण सहसा दोन गोष्टी शोधतो : सत्तेने केलेला अन्याय आणि कैद्याने दाखवलेले मनोधैर्य. शाळेच्या पुस्तकांतले उतारे, जयंती-पुण्यतिथीची भाषणे आणि बरीचशी समीक्षाही याच दोन खुंट्यांवर टांगलेली आहे. तिसरी गोष्ट जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आहे, पण तिच्याकडे लक्ष जात नाही. ती म्हणजे आजार, आणि त्याबरोबर आजारी माणसाचे करणारा कुणीतरी दुसरा. सोसणारा पुरुष आपण लक्षात ठेवला, त्याच्या उशाशी बसलेला पुरुष विसरलो. या विसरण्याची किंमत आजचे कैदी मोजत आहेत, असे माझे म्हणणे आहे.

ताथवड्यातून येरवड्याकडे

हा प्रश्न मी ज्या परिसरातून विचारतो आहे त्याविषयी थोडे सांगायला हवे. ताथवडे २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. नृसिंहाच्या देवळाचे हे गाव आता महामार्गाच्या कडेची कॉलेजे, हिंजवडीच्या वाटेवरचे टॉवर आणि ते बांधणाऱ्यांच्या पत्र्याच्या खोल्या यांनी भरून गेले आहे. पलीकडे भोसरी, चाकण. या पट्ट्यात ठेकेदाराकडे काम करणाऱ्या पुरुषाच्या आजारपणाचा पहिला खर्च बुडालेल्या हजेरीचा असतो, औषधाचा खर्च त्यानंतर येतो. खाडा पडू नये म्हणून मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या घेऊन तो पाळीला जातो. चिंचवडला ईएसआयचे रुग्णालय आहे, पिंपरीला वायसीएम आहे. पण तिथला दिवस रांगेत जातो, आणि हातात कार्ड नसले तर पहिल्याचा उपयोगही नाही.

पैशाच्या जोडीला दुसरे कारण असते. छातीत दुखते, झोप लागत नाही, लघवीला त्रास होतो, हे चारचौघांत सांगणे त्याला कमीपणाचे वाटते. घर असेल तर बायको किंवा आई चेहरा पाहून ओळखते आणि मागे लागून ‘दाखवून ये’ म्हणते. म्हणजे पुरुषाचे आरोग्य बऱ्याच अंशी बाईच्या नजरेवर चालते. गाव सोडून आलेल्या आणि सहा-सात जणांत एक खोली करून राहणाऱ्या तरुणाला ती नजरही नसते.

यातलाच कुणी भांडणात, चोरीच्या संशयात किंवा अपघाताच्या गुन्ह्यात अडकला आणि जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालयीन कोठडीसाठी त्याची रवानगी सहसा १८७१ साली बांधलेल्या येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहात होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी सुमारे ९६ टक्के पुरुष, आणि दर चारांपैकी तिघे कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. त्या वर्षी कोठडीत १,९९५ मृत्यू झाले, त्यांतले १,७७३ ‘नैसर्गिक’ या सदरात मोडतात. आजार आणि वार्धक्य या दोन कारणांना तिथे नैसर्गिक म्हटले जाते. हा शब्द समीक्षकाला थांबवणारा आहे. वेळेवर डॉक्टर भेटला असता तर टळला असता असा मृत्यूही त्याच सदरात जाऊन बसतो. शब्द एवढा सहज चालतो, कारण पुरुषाने आजार अंगावर काढणे आपल्याला नैसर्गिक वाटते.

डोंगरी आणि मंडाले : दोन शिष्ट नमुने

‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’ ही आगरकरांची पुस्तिका कोल्हापूरच्या बर्वे बदनामी खटल्यानंतरची. आगरकर आणि टिळक तेव्हा ऐन पंचविशी-सव्विशीचे. निकृष्ट अन्न, अपुरी जागा, घटत गेलेले वजन हे सारे अनुभवास आले, पण पुस्तिकेचा एकंदर सूर खेळकर आहे. ही थट्टा मराठी शिष्ट पुरुषाची जुनी ढाल आहे. शरीराविषयी बोलायचे तर विनोदाने बोलावे, म्हणजे ऐकणाऱ्याला कीव करायला जागा उरत नाही. आगरकरांना दम्याने आयुष्यभर छळले आणि १८९५ साली ते अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेले, हे ठाऊक असलेल्या वाचकाला ती थट्टा वेगळी ऐकू येते.

मंडालेचा नमुना दुसरा. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा टिळक बावन्न वर्षांचे आणि मधुमेही होते. प्रकृतीकडे पाहून सरकारने त्यांची सक्तमजुरी साधी केली. त्यांचे पथ्य होते, आणि ते सांभाळणारा एक मराठी कैदी स्वयंपाकी म्हणून त्यांना देण्यात आला होता. कुलकर्णी नावाच्या या कैद्याच्या आठवणी टिळकचरित्राच्या वाचकांना परिचित आहेत. ‘गीतारहस्य’ मंडालेत लिहिले गेले, हे प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. ते लिहिणाऱ्या मधुमेही माणसाला रोज मानवेल असे अन्न कुणीतरी शिजवून घालत होते, हे मात्र तळटीपेत जाते. याच काळात, जून १९१२ मध्ये, सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. तुरुंग घरापासून फक्त पुरुषाला तोडत नाही, घरात राहिलेल्या बाईचे आजारपणही एकाकी करतो.

या दोन्ही नमुन्यांत आजाराला थोडीफार मान्यता होती, कारण कैदी नामवंत होते. येरवड्यात शिक्षा भोगणाऱ्या गांधींना आंत्रपुच्छाचा विकार झाला तेव्हा सरकारने त्यांना ससून रुग्णालयात हलवले. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. ५ फेब्रुवारीला गांधींची सुटका झाली. येरवड्यातल्या कैद्यासाठी ससूनचे दार किती लवकर उघडू शकते याचा हा दाखला. मात्र हे दार कुणासाठी उघडते, हा प्रश्नही तो मागे ठेवतो.

अंदमान : आजार सिद्ध करणे

नामवंतपणाचे हे कवच काढून घेतले की काय होते, ते ‘माझी जन्मठेप’ या १९२७ सालच्या ग्रंथात दिसते. सावरकर ४ जुलै १९११ रोजी अंदमानात पोहोचले. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असतील, पण कैद्याच्या शरीराविषयी इतके उघड लिहिणारा ग्रंथ त्यापूर्वी मराठीत नव्हता. कोलूला जुंपलेल्या माणसाची छाती कशी भरून येते, संध्याकाळी कोठडी बंद झाल्यापासून सकाळी उघडेपर्यंत शौचाची सोय नसली म्हणजे काय होते, हगवण लागलेल्याने तोंड कुणाकडे वळवायचे, हे विषय शिष्ट मराठी गद्याने आपल्या अंगणात येऊ दिले नव्हते.

या ग्रंथाचा गाभा माझ्या मते एका प्रश्नात आहे : आजारी कोण, हे ठरवायचे कुणी? कागदोपत्री ते डॉक्टरने ठरवायचे. प्रत्यक्षात बारी या जेलरचा शब्द वरचढ. सक्तमजुरी टाळण्यासाठी काही कैदी आजाराचे सोंग करत, काही मुद्दाम आजार ओढवून घेत. त्यामुळे प्रत्येक आजारी कैद्यावर आधी संशय घेतला जाई. ताप मोजता येतो, रक्त दिसते, डोकेदुखीला मात्र पुरावा नाही. बाबाराव सावरकरांना अर्धशिशीचा तीव्र त्रास होता आणि तरीही ते कोलूवर जुंपले गेले. उल्हासकर दत्त हातकड्यांत उभे टांगले गेले, तापाने फणफणले, भ्रमिष्ट झाले आणि अखेर त्यांना मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवावे लागले. इंदुभूषण रॉय यांनी एप्रिल १९१२ मध्ये कोठडीत गळफास घेतला.

स्वतः लेखकाच्या मनातही आत्मनाशाचा विचार येऊन गेला, हे त्याने लपवलेले नाही. आपल्या गौरवपर वाचनात हा भाग मागे पडतो. तो वाचलाच तर ‘मोहावर मिळवलेला विजय’ म्हणून वाचला जातो. पण थकवा, उष्मा, उपासमार आणि एकांत यांनी खचलेल्या शरीराला तसा विचार सुचणे ही आरोग्याची बाब आहे. ती शौर्याच्या खात्यात जमा केली की, ज्याला असा विजय मिळवता आला नाही तो इंदुभूषण आपोआप दुबळा ठरतो. ग्रंथ स्वतः इतका निष्ठुर नाही. निष्ठुरता आपल्या वाचनाची आहे.

नाशिक : पुरुषांच्या तुरुंगात आईचे पुस्तक

‘श्यामची आई’ हे तुरुंगाविषयीचे पुस्तक नाही, पण ते तुरुंगातले पुस्तक आहे. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या कारागृहात पाच रात्रींत साने गुरुजींनी ते लिहून काढले. त्याआधीच्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनीच टिपून घेतली होती. सगळीकडे पुरुष, पहारा आणि शिस्त असताना त्यांनी लिहिले ते न्हाऊ घालणाऱ्या, भरवणाऱ्या, अंगावरून हात फिरवणाऱ्या बाईविषयी. हे मी केवळ मातृभक्तीचे उदाहरण मानत नाही. तुरुंगात नेमके काय हिरावले जाते याची ती यादी आहे. गुरुजींच्या रडण्याची मराठी समीक्षेने पुष्कळ टिंगल केली, ‘रडवे’ हा शब्द त्यांना कायमचा चिकटला. वास्तविक पुरुषाने पुरुषांपुढे रडावे आणि त्याची लाज वाटू देऊ नये, अशी जागा मराठी गद्यात त्यांच्याइतकी कुणी तयार केली नाही. पुस्तकाची रचनाही तशीच आहे. श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आठवणी सांगतो, म्हणजे ऐकणारेही मुलगेच.

याच पुस्तकाची दुसरी बाजूही पाहायला हवी. आई स्वतःचे दुखणे अंगावर काढते आणि त्यातच जाते. सोसणे हा काही पुरुषांचाच मक्ता नाही. फरक इतकाच, की बाईच्या सोसण्याला आपण कर्तव्य म्हणतो आणि पुरुषाच्या सोसण्याला पराक्रम. इलाज दोघांचाही होत नाही.

ज्यांचे अंगच जामीन

आतापर्यंतचे लेखक राजबंदी होते. त्यांच्यामागे वर्तमानपत्र, पक्ष, निदान पत्र लिहिणारे घर होते. १९८७ साली आलेले लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ आपल्याला दुसऱ्या रांगेत नेऊन उभे करते. १८७१ च्या कायद्याने ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ज्यांच्यावरचा तो शिक्का कागदावर पुसला गेला, त्यांचे हे जग. पोलिसांचा मार सहन व्हावा आणि साथीदारांची नावे तोंडातून निघू नयेत, म्हणून इथे पोरांना आधी घरीच मार देऊन तयार केले जाते. न रडणे, न सांगणे हे इथे पोटाचे साधन आहे. अंग टणक नसेल तर कुटुंब उपाशी राहील.

आगरकरांची थट्टा, अंदमानातला निर्धार आणि उचल्याच्या पोराचा टणकपणा या तीन गोष्टी एक नाहीत. पहिल्या दोन्हींना मागे वळण्याची वाट होती, तिसऱ्याला नाही. गायकवाड पुढे लातूरच्या सूतगिरणीत कामगार झाले, कामगारांच्या लढ्यात उतरले. पारधी किंवा उचल्या कुटुंबातला पोरगा आज चाकणच्या पट्ट्यात हेल्पर म्हणून लागला तरी पोलिसांच्या नजरेतला जुना संशय त्याच्यासोबत फाटकापर्यंत येतो. अशा माणसाने कोठडीत ‘मला बरे वाटत नाही’ असे म्हणावे, ही अपेक्षाच त्याने आयुष्यभर शिकलेल्या धड्याच्या विरोधात जाते.

कायद्याची दोन क्रियापदे

१८९४ च्या कारागृह अधिनियमाचे ३७ वे कलम या संदर्भात वाचण्यासारखे आहे. ज्या कैद्याला वैद्यकीय कर्मचाऱ्याला भेटायचे आहे, किंवा जो शरीराने वा मनाने आजारी दिसतो, त्याचे नाव जवळच्या अधिकाऱ्याने विनाविलंब वर कळवावे, असा त्याचा आशय. इथे दोन वाटा आहेत. एकीत कैदी सांगतो, दुसरीत अधिकारी पाहतो. वसाहतकाळातल्या या कायद्यानेही केवळ सांगण्यावर भिस्त ठेवलेली नाही. घरात जी नजर आई-बायकोची असते, ती तुरुंगात पहाऱ्यावरच्या माणसाची असायला हवी, असे कायदा त्याच्या कोरड्या भाषेत म्हणतो. शरीराबरोबर मनाचाही उल्लेख त्यात आहे. तुरुंगातला उपचार बाहेरच्या समाजाला मिळतो त्याच दर्जाचा असावा, असे २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेले मंडेला नियमही सांगतात.

व्यवहारात पहिली वाट लाजेने बंद होते आणि दुसरी संशयाने. संशयाचे अलीकडचे उदाहरण आपल्या पट्ट्याशी जोडलेले आहे. चाकणच्या २०२० मधील अमली पदार्थ प्रकरणात पिंपरी-चिंचवड पोलिसांनी अटक केलेला आरोपी ललित पाटील २०२३ मध्ये ससूनच्या कैदी वॉर्डात दाखल होता. तिथूनच अमली पदार्थांचा व्यवहार चालल्याचा आरोप झाला, आणि २ ऑक्टोबर २०२३ रोजी तो रुग्णालयातून पळाला. त्याच महिन्यात तो पुन्हा पकडला गेला. ‘सोळा नंबरचा वॉर्ड’ हा शब्द महाराष्ट्रभर झाला. ज्यांनी आजाराच्या नावाखाली सोय करून घेतली किंवा करून दिली, त्यांच्यावरचा राग योग्यच होता. पण त्या रागाच्या भरात वॉर्डातला प्रत्येक कैदी सोंगाडा ठरला. बारीचा संशय शंभर वर्षांनी बातम्यांच्या मथळ्यांत परतला. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला खोटा आजारही उपयोगी पडतो. ज्याच्याजवळ काही नाही त्याला खराखुरा आजार सिद्ध करावा लागतो, आणि सिद्ध झाला तरी बाहेरच्या रुग्णालयात न्यायला पोलीस बंदोबस्त मिळण्याची वाट पाहावी लागते.

तळोजा : उशाशी बसलेले पुरुष

फादर स्टॅन स्वामी यांना एल्गार परिषद प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक झाली तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. पार्किन्सनमुळे हात थरथरत, पेला धरता येत नसे. नळी असलेला पेला मिळावा म्हणून नोव्हेंबरमध्ये त्यांनी न्यायालयात अर्ज केला, आणि त्यावर उत्तर द्यायला तपासयंत्रणेने वीस दिवसांची मुदत घेतली. मे २०२१ मध्ये त्यांनी उच्च न्यायालयाला सांगितले, की तुरुंगात आलो तेव्हा मी स्वतः चालत होतो, जेवत होतो, अंघोळ करत होतो, आता एकेक शक्ती जाते आहे. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात ते वारले. खटला सुरूही झाला नव्हता.

या प्रकरणातल्या आरोपांची चर्चा इथे करायची नाही. पाहायची ती एकच गोष्ट : तळोजाच्या त्या महिन्यांत त्यांना भरवणारे आणि अंघोळ घालणारे हात सहकैद्यांचे होते. मंडालेतल्या स्वयंपाक्यापासून तळोजातल्या या हातांपर्यंत एक धागा जातो. बाहेर ज्यांनी कदाचित कुणाचे डोकेही चेपले नसेल असे पुरुष आत एकमेकांचे करतात. तिथे बाई नसते, म्हणून हे काम ‘बायकी’ राहत नाही. पुरुषपणाची ही दुसरी घडण तुरुंगात रोज होते, आणि आपले तुरुंगसाहित्य तिचे साक्षीदार आहे. पुरुषांच्या कथनांत मात्र ती ओझरती येते, कारण कथनाच्या मध्यभागी ‘मी’ असतो. सुधा भारद्वाज यांनी येरवड्याच्या महिला कारागृहावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकात शहात्तर बायकांची शब्दचित्रे आहेत, आणि लेखिका स्वतः बाजूला उभी आहे. पुरुष कैद्याने आपल्या बराकीतल्या शहात्तर पुरुषांच्या दुखण्याखुपण्यांचे असे पुस्तक मराठीत अजून लिहायचे आहे.

वाचन बदलले तर

समीक्षेने तुरुंगातला डॉक्टर वाढत नाही, हे खरे. पण काय लाजिरवाणे आणि काय मानाचे, हे समाज ज्या गोष्टी वाचून ठरवतो त्यांत तुरुंगकथने आहेत. वॉर्डर, डॉक्टर, न्यायाधीश आणि कैदी हे सगळे त्याच शाळांतून तेच उतारे वाचून आलेले असतात. सोसणाऱ्याचा जयजयकार ऐकत वाढलेल्या पहारेकऱ्याला कण्हणारा कैदी सोंगाडा वाटतो, आणि कैद्याला स्वतःचीच लाज वाटते.

पर्याय आपल्याकडे होता आणि आहे. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची मुक्त वसाहत सुरू झाली, तिथे कैदी बायकामुलांसह राहून शेती करतात. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाने ती कल्पना देशभर नेली. चित्रपटात मात्र कैद्यांना सुधारणारी नजर जेलरची आहे. स्वतंत्रपुरात कैद्याच्या तापलेल्या कपाळावर हात ठेवणारे त्याचे माणूस जवळ असते, ही बाजू पडद्यावर मागे राहिली. शिवाय अशी वसाहत शिक्षा झालेल्या निवडक कैद्यांसाठी असते. कच्च्या कैद्याला, म्हणजे तुरुंगातल्या चारांतल्या तिघांना, तिची वाट बंद आहे.

त्यांच्यासाठी ३७ व्या कलमातली दोन क्रियापदेच उरतात, सांगणे आणि पाहणे. कैद्याने सांगितले तर ते आधी खरे धरावे, शहानिशा डॉक्टरने करावी. त्याने सांगितले नाही तर त्याच्या गप्प राहण्याकडेही लक्षण म्हणून पाहावे. आणि आपण वाचकांनी आगरकरांचा दमा, बाबारावांची अर्धशिशी, उल्हासकरांचा ताप आणि मंडालेतल्या कुलकर्ण्यांचा स्वयंपाक हे सारे मुख्य मजकुरात आणावे. ताथवड्याच्या पत्र्याच्या खोलीतला पोरगा उद्या येरवड्याच्या बराकीत असला, तर ‘छातीत दुखतंय’ हे दोन शब्द उच्चारताना त्याला आपण कमी पडलो असे वाटू नये, आणि शेजारच्या अंथरुणावरच्याने ते ऐकून उठून हाक मारावी. इतके घडायला नवा कायदा लागत नाही.